निगमसभेत श्रावित, फलकावर निबद्ध
नाशिकच्या लेण्यांपासून आजच्या पीएच.डी. शोधनिबंधांपर्यंत

नाशिकच्या पांडवलेण्यांतील, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरील, दहाव्या क्रमांकाच्या विहाराच्या ओसरीत उषवदाताचा एक लेख आहे. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. बेचाळिसाव्या वर्षाच्या वैशाख महिन्यात त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३,००० काहापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे होती. एकीकडे २,००० काहापण दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० काहापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. विहारात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ काहापण द्यायचे. आपण सहज हिशेब करून पाहावा: दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा म्हणजेही २४०. पै-पैचा मेळ बसतो.

या हिशेबावर अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र लेखातली त्यापुढची नोंद अधिक मोलाची वाटते. हे सगळे निगमसभेत ‘श्रावित’ केले, म्हणजे ऐकवले, आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात ‘निबद्ध’ केले, म्हणजे दप्तरी नोंदवले, असे उषवदात सांगतो. दान देऊन तो थांबला नाही. व्यापारी-कारागिरांच्या सभेपुढे ते मोठ्याने वाचले गेले, ज्याला हरकत घ्यायची त्याला ती घेता आली असती, आणि मग त्याची नोंद झाली. वर डोंगरावर कोरला तो त्या नोंदीचा कायमचा दाखला.

संशोधनाच्या व्यवहारालाही हेच तीन टप्पे आहेत. काम करायचे, ते जाणत्यांच्या सभेत ऐकवायचे, आणि पुढच्या माणसाला सापडेल अशा जागी नोंदवायचे. प्राचीन इतिहास, पुरातत्त्व आणि सांस्कृतिक वारसा या विषयांत पीएच.डी. करणारी मुले-मुली आज परिषदांमधून, चर्चासत्रांमधून आपले शोधनिबंध वाचतात. ती आपली निगमसभा. नाशिकचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा संशोधनाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, इथले ज्ञान पुढे गेले ते तिन्ही टप्पे पूर्ण झाले तेव्हाच. आज पहिले दोन होतात. तिसऱ्याचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

माझ्याकडे पीएच.डी.ची पदवी नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारखान्यात पाळीची नोकरी करत सुटीच्या दिवशी लेणी, बारव, वीरगळ पाहत हिंडणे आणि उरलेल्या वेळी वाचनालयात बसणे, एवढेच माझे शिक्षण. पण परिषदांच्या शेवटच्या रांगेत मी बरीच वर्षे बसत आलो आहे. तिथून जे दिसते ते व्यासपीठावरून दिसत नसावे.

लंडनला गेलेला निबंध

नाशिकचे लेख वाचण्याचा आधुनिक प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला. लेफ्टनंट ब्रेट यांनी उतरवलेल्या नकलांवरून जॉन स्टीव्हन्सन यांनी पहिले वाचन केले. पुढे १८६२ मध्ये वेस्ट बंधूंनी केलेल्या अधिक काळजीपूर्वक नकला मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आल्या. त्यानंतर १८७४ साली लंडनला प्राच्यविद्यापंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना तिचे निमंत्रण होते. ते स्वतः जाऊ शकले नाहीत, पण त्यांचा निबंध गेला. त्याचा विषय होता नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख.

आपल्या जिल्ह्यातल्या एका डोंगरावरची अक्षरे दीड शतकापूर्वी लंडनच्या विद्वत्सभेसमोर मांडली गेली, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण निबंध पाठवण्याइतकेच पुढे जे घडले ते महत्त्वाचे. १८७६ मध्ये परिषदेचे कार्यवृत्त छापून निघाले आणि त्यात भांडारकरांचे वाचन, भाषांतर, निष्कर्ष असे सगळे आले. छापले गेले म्हणून ते तपासता आले. १८८३ मध्ये ब्यूलर यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, आणि त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबई गॅझेटिअरच्या नाशिक खंडात, हे लेख पुन्हा वाचले. १९०५-०६ मध्ये एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात पुन्हा एकदा. सेनार यांचे पान उघडले की मूळ लेखाखाली पाठभेद दिसतात. आधीच्या वाचकांनी कुठले अक्षर वेगळे वाचले याची नोंद तिथल्या तिथे मिळते. शेवटी मराठी वाचकासाठी वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरील आपल्या मराठी ग्रंथात हे सारे लेख आणले.

या साखळीतले प्रत्येक नाव आधीच्याला कुठे ना कुठे दुरुस्त करते. भांडारकरांनी गौतमीपुत्र आणि त्याचा मुलगा पुळुमावी यांनी एकाच वेळी राज्य केले असावे असे मत मांडले होते. गौतमी बलश्री आपल्या लेखात स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हणवते, हा त्यांचा एक आधार. पुढच्या बहुतेक अभ्यासकांनी ते मत स्वीकारले नाही. त्यामुळे भांडारकर लहान झाले नाहीत. त्यांनी आपला आधार उघडा ठेवला होता, म्हणूनच तो दुसऱ्याला तपासता आला.

पदवी नसलेला पंडित

या साखळीतल्या भगवानलाल इंद्रजींविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. जुनागढचा हा माणूस गिरनारच्या शिलालेखाच्या सहवासात वाढला आणि तिथेच जुनी लिपी वाचायला शिकला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना आपल्याकडे घेतले आणि देशभर लेखांच्या नकला करण्यासाठी पाठवले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ते गुजरातीत लिहीत. नेपाळच्या शिलालेखांवरचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास ब्यूलर यांनी गुजरातीतून इंग्रजीत आणला. हाथीगुंफेच्या लेखावरचा त्यांचा निबंध १८८३ च्या लायडन परिषदेच्या कार्यवृत्तात छापला गेला आणि लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

भगवानलालांचे उदाहरण मी माझ्यासारख्या पदवी नसलेल्यांच्या समर्थनासाठी देत नाही. त्यांची शिस्त कुठल्याही विद्यापीठाला शोभेल अशी होती. मुद्दा भाषेचा आहे. आपल्याकडच्या चर्चासत्रांत मराठी माध्यमातून शिकलेली मुले अनेकदा इंग्रजीत निबंध वाचतात, कारण प्रमाणपत्राला वजन येते असा समज आहे. वाचताना अडखळतात, विचारलेला प्रश्न कळत नाही, आणि बाहेर चहाच्या टेबलाशी तोच विषय मराठीत इतका स्वच्छ सांगतात की ऐकणारा थक्क व्हावा. भगवानलालांना गुजरातीत विचार करण्याची लाज वाटली नाही. भाषांतर नंतर होऊ शकते. आधी म्हणणे पक्के व्हावे लागते.

चोविसाव्या वर्षाची दुरुस्ती

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन आदेश लगोलग कोरलेले आहेत. पहिला अठराव्या वर्षाचा. त्यात गोवर्धनातल्या अमात्याला कळवले आहे की, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे. दुसरा चोविसाव्या वर्षाचा, राजा आणि राजमाता यांच्या वतीने. त्यात म्हटले आहे की, ककडी गावात पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही, गावही वसलेले नाही; तेव्हा नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत.

परिषदेला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे दोन लेख दाखवावेत असे मला नेहमी वाटते. राजाने दिलेले दान निरुपयोगी ठरले. त्याने जुना आदेश खरवडून टाकला नाही. नवा आदेश जुन्याशेजारी कोरला, आणि बदल का केला तेही त्यात लिहिले. शोधप्रबंधात नवे मत मांडताना जुने मत काय होते, ते कोणाचे होते आणि ते का सोडावे लागते, एवढे सांगितले तरी अर्धे काम झाले.

जोगलटेंभीची नाणी

सभेत मांडलेल्या पुराव्याची नोंद राहिली तर काय होते, याचे दुसरे उदाहरण नाशिकजवळच्याच जोगलटेंभीचे आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक, सगळी नहपानाची; आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. गौतमीपुत्राने क्षहरातांचे राज्य बुडवले हे बलश्रीच्या लेखात होतेच. पण ती आईने मुलाची केलेली स्तुती होती. जोगलटेंभीने त्या स्तुतीला हिशेबी पुरावा दिला: हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्या राजाचा शिक्का.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ही नाणी एकेक तपासून, वर्गवारी करून त्यांचा वृत्तान्त एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. आज त्यातली नाणी निरनिराळ्या संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे विखुरली आहेत. पुन्हा एका टेबलावर ती मांडता येणार नाहीत. साठा म्हणून जोगलटेंभी आता प्रामुख्याने स्कॉट यांच्या पानांत शिल्लक आहे. त्या पानांवर आजही काम चालते. उषवदाताच्या लेखातली ४१, ४२, ४५ ही वर्षे कोणत्या कालगणनेतली, नहपान नेमका कधी झाला, हा वाद त्या नाण्यांच्या मदतीनेच पुढे सरकला आहे.

या संदर्भात एका प्रबंधाचा उल्लेख करतो. शैलेंद्र भांडारे यांनी १९९९ मध्ये मुंबई विद्यापीठाला सातवाहन काळाचा नाण्यांच्या आधारे अभ्यास करणारा प्रबंध सादर केला. तो पुस्तकरूपाने आला नाही, पण सातवाहनांवरच्या जगभरच्या लिखाणात त्याचे नाव तळटिपांमधून सतत येते, आणि नावापुढे ‘अप्रकाशित’ हा शब्दही. इतक्या महत्त्वाच्या कामाची प्रत मिळवण्यासाठी वाचकाला ओळखीपाळखी शोधाव्या लागतात, ही आपल्या व्यवस्थेची स्थिती आहे. ज्या प्रबंधांचा असा गवगवा झाला नाही, त्यांचे काय होत असेल?

नाव मिळालेली खापरे

पीएच.डी.चा प्रबंध हा एका माणसाच्या पदवीपुरता नसून मोठ्या नकाशाचा तुकडा असू शकतो, हे महाराष्ट्राला दाखवले ते हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी. त्यांनी स्वतः लंडन विद्यापीठासाठी गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहिला, आणि तिथे असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम करून प्रत्यक्ष खणण्याची शिस्त शिकून घेतली. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी विद्यार्थ्यांना एकेक प्रदेश, एकेक नदीखोरे नेमून दिले. सुब्बारावांना बेल्लारी, र. वि. जोशींना मलप्रभेचे खोरे, महापात्रांना ओरिसा, वीरेंद्रनाथ मिश्रांना राजस्थानातले बेडच खोरे. एकाचा प्रबंध जिथे संपे तिथून दुसऱ्याला सुरुवात करता येई.

नाशिकशी त्यांचा संबंध थेट आहे. गंगापूरजवळ गोदावरीच्या थरांत मिळालेल्या अश्मयुगीन हत्यारांवर त्यांनी १९५२ मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली. १९५०-५१ मध्ये शां. भा. देव यांच्यासह त्यांनी जुन्या नाशकातली गोदाकाठची मातीची गढी आणि संगमनेरजवळचे जोर्वे इथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये, म्हणजे चार-पाच वर्षांत, छापून बाहेर आला. जोर्वे हे प्रवरेकाठचे लहानसे गाव. तिथे मिळालेली लाल रंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची भांडी अहवालात चित्रांसह नोंदवली गेली. पुढे इनामगाव, दायमाबाद, नेवासे अशा ठिकाणी तशीच खापरे निघाली तेव्हा ओळखायला आधार होता, आणि महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या त्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव मिळाले. अहवाल कपाटात राहिला असता तर जोर्व्याचे नाव तालुक्याबाहेर गेले नसते.

गढीची आजची अवस्था नाशिककरांना ठाऊक आहे. वर घरे आहेत, आणि मोठ्या पावसात कडेची माती सुटते. सांकळिया आणि देव यांनी पाहिलेले थर पुन्हा तसेच पाहायला मिळतील याची खात्री कोणी देऊ शकणार नाही. म्हणून १९५५ चा अहवाल आता त्या थरांच्या जागी उभा आहे.

ऐकवणे आणि नोंदवणे यांची गाठ मराठी इतिहासकारांनीही घालून दिली होती. १९१० मध्ये वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या पाक्षिक सभांत लोक आपापल्या गावी मिळालेले कागद, टिपणे वाचत आणि ती मंडळाच्या इतिवृत्तांत छापली जात. वाचणारांत शिक्षक होते, वकील होते, इनामदार होते. दोन पानांचे टिपणही छापले जाई, म्हणून ते आज शंभर वर्षांनी आपल्याला वाचता येते.

दहा मिनिटे

आता आजच्या सभेकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध छापणे आणि दोन निबंध परिषदांत वाचणे आवश्यक होते. २०२२ च्या नव्या नियमांत ही सक्ती निघाली. सक्तीच्या काळात परिषदांना गर्दी झाली. एका दिवसात चाळीस-पन्नास निबंध, दोन-तीन दालनांत एकाच वेळी सत्रे, प्रत्येकाला दहा मिनिटे, आठव्या मिनिटाला घंटा. निबंध संपला की टाळ्या, प्रमाणपत्र, छायाचित्र. प्रश्नांना वेळ नाही. सक्ती गेली तरी ही रीत बरीचशी राहिली आहे.

अशाच एका सत्रात मी दिंडोरी भागातल्या गावांच्या पांढरींवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा निबंध ऐकला. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखट, भुसभुशीत माती. काळी कसायची आणि पांढरी वसायची, ही आपली जुनी विभागणी. ती माती शेताला चांगली म्हणून लोक गाड्या भरभरून नेतात आणि त्यासोबत हजार-दोन हजार वर्षांची वस्ती बागेत पसरते. या मुलीने एका गावच्या पांढरीची छायाचित्रे दाखवली. पहिल्या वर्षीच्या चित्रात पुरुषभर उंचीचा कापलेला थर, त्यात राखेचे पट्टे, खापरे, हाडे. दुसऱ्या वर्षीच्या चित्रात सपाट जमीन आणि द्राक्षाचे खांब.

मागून एका निवृत्त शिक्षकांनी विचारले, “बाळ, ती खापरं आता कुठे आहेत?”

“घरी आहेत, सर. पिशव्यांत भरून ठेवलीत. थरांप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्यात.”

घंटा वाजली. पुढचे नाव पुकारले गेले.

नंतर मी तिला गाठून विचारले, तेव्हा कळले की विभागात ठेवायला जागा नाही आणि छायाचित्रे पुरेशी आहेत असे तिला सांगण्यात आले आहे. लग्न झाल्यावर या पिशव्यांचे काय करायचे, हा तिच्या आईचा प्रश्न होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या गावचा पहिला थर आता जगात फक्त त्या पिशव्यांत आणि तिच्या वहीत आहे. जोगलटेंभीला स्कॉट मिळाले, जोर्व्याला सांकळिया मिळाले. या पांढरीला ही मुलगी मिळाली आहे; तिच्या प्रबंधाला कोण मिळणार?

दिवसभरातल्या पन्नास निबंधांपैकी निम्मे पुस्तकांवरून पुस्तक केलेले असतात, हे मान्य. पण त्यांतले पाच-सहा असे असतात की ज्यांत प्रत्यक्ष पाहिलेले, मोजलेले, आणि लवकरच नाहीसे होणारे काहीतरी असते. गावातल्या बारवेची मापे, रस्तारुंदीत हलवलेला वीरगळ, शेंदराखाली गेलेली मूर्ती. २०२१ च्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची साफसफाई करताना त्रिरश्मीवरच पुरातत्त्व खात्याला आणखी लेणी आढळली. भांडारकरांपासून मिराशींपर्यंत सगळ्यांच्या अभ्यासाच्या डोंगरावर जर हे उरले होते, तर तालुक्यातालुक्यांत काय उरले असेल याची कल्पना करावी.

फलक कुठे लावायचा?

फलक अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. २००९ च्या नियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती ‘शोधगंगा’ या इन्फ्लिबनेटच्या भांडारात येऊ लागल्या आणि घरबसल्या वाचता येऊ लागल्या. माझ्यासारख्या माणसाला हे वरदान आहे. पूर्वी प्रबंध पाहायचा तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणाची तरी चिठ्ठी घेऊन जावे लागे. पण तिथे प्रबंध येतो. खापरे, नकला, मोजमापांच्या वह्या येत नाहीत. आणि ज्या गावाबद्दल लिहिले त्या गावाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर फार मोठा खर्च न करता काही करता येईल. परिषद भरवणाऱ्यांनी पन्नासऐवजी पंधरा निबंध घ्यावेत आणि प्रत्येकाला वाचायला जितका वेळ, तितकाच प्रश्नांना द्यावा. विचारलेले प्रश्नही कार्यवृत्तात छापावेत. प्रत्यक्ष पाहणीवरच्या निबंधात गावाचे नाव, गट क्रमांक, पाहणीची तारीख, मोजपट्टीसह छायाचित्र आणि वस्तू आता कुठे आहे, या पाच गोष्टी नसतील तर तो परत करावा. नाशिकमध्ये १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचे वस्तुसंग्रहालय आहे. अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, शेजारी धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. जिल्ह्यावर झालेल्या प्रत्येक प्रबंधाची एक छापील प्रत आणि चार पानांचा मराठी सारांश अशा एखाद्या ठिकाणी ठेवण्याची रीत पडली, तर दहा वर्षांत जिल्ह्याचे एक दप्तर उभे राहील. सारांशाची एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीलाही जावी. पांढर सपाट करणाऱ्याला ती काय होती हे कोणी सांगितलेलेच नसते.

आणि आपण, जे शेवटच्या रांगेत बसतो, त्यांनी जेवणाच्या सुटीनंतर निघून जाऊ नये. निगमसभेत ऐकणारे होते, म्हणून उषवदाताच्या वाचनाला अर्थ होता. त्या निवृत्त शिक्षकांनी विचारला तो प्रश्न दर सत्रात कोणीतरी विचारत राहिले पाहिजे: ती खापरे आता कुठे आहेत?